पिठाचा शिपाई

४ नोव्हेंबर

दाजी,

नमस्कार. पोचलो. दोन दिवसांचा प्रवास, दोन्ही दिवस उभ्याने, पण माझं राहू द्या. तुम्ही आणि ताईने शहरातलं दुकान बंद केलं आणि शिवणयंत्र गाडीत घालून आमच्या घरी राहायला गेलात. याचे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही, म्हणून मानत नाही. सैन्याचं बोलावणं आल्यावर हातात तीनच दिवस होते. एक आईच्या रडण्यात गेला, दोन नांगरटीत. तुमच्याशी धड बोलणंही झालं नाही.

आता कामाचं. गहू पेरायचा राहिलाय. बियाणं माळ्यावर, उजव्या कोपऱ्यातल्या दोन पोत्यांत आहे. पेरणीचा दिवस कुणाला विचारू नका, मातीला विचारा. मूठभर माती दाबायची. गोळा झाला आणि टिचकी मारल्यावर फुटला तर पेरा. फुटला नाही तर दोन दिवस थांबा. गोळाच झाला नाही तर तुम्हाला उशीर झालाय. तुम्ही जन्मभर कापड बेतलंत, शेतही बेतायचंच असतं. फक्त हे कापड धुतल्यावर किती आटेल ते सांगता येत नाही.

आईला घाबरू नका. ती तिखट बोलते, पण जो समोर असतो त्यालाच बोलते, मागे नाही. अडलं तर ताईला विचारा. तिला माझ्याइतकंच कळतं, फक्त तिला कधी कुणी विचारलं नाही.

मला भांडारात काम दिलंय. पिठाची पोती मोजायची, रचायची, वहीत लिहायची. लढाई इथून फार लांब आहे. हे आईला मोठ्याने वाचून दाखवा.

तुमचा मेहुणा


२५ नोव्हेंबर

मेहुणेबुवा,

मोठ्याने वाचून दाखवलं. आई म्हणाल्या, "घरात कधी चाळणी हातात धरली नाही, आणि सरकारने नेमकं पिठावरच बसवलं." पण त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवल्या.

पेरणी झाली. पाच दिवस मी सकाळ-संध्याकाळ मूठ दाबत होतो. शेजारचे काका कुंपणापलीकडून बघत होते. शेवटी त्यांना राहवेना. म्हणाले, "शिंपीबुवा, मातीशी हस्तांदोलन झालं असेल तर पेरायला घ्या." सहाव्या दिवशी गोळा फुटला. मी खडूने बांधावर खुणा केल्या, दोऱ्या ताणल्या आणि सरळ ओळीत पेरलं. निदान मला तरी ती सरळ वाटली. माझा डावा पाय आखूड, त्यामुळे चालताना मी जरा डावीकडे कलतो. हे मला माहीत होतं, पण गव्हालाही कळेल असं वाटलं नव्हतं. आता उगवण झालीय आणि सगळ्या ओळी तळ्याकडे वळल्यात. कुठे दाट, कुठे नुसती माती. आई बांधावर उभ्या राहून म्हणाल्या, "टाके दाट आहेत, पण मधे उसवलंय."

सैन्याच्या डॉक्टरने माझा पाय बघून दोन मिनिटांत घरी पाठवलं होतं. शेताला तेवढी समज नाही. ते सगळ्यांनाच भरती करतं.

खालच्या बाजूचा तो पाणथळ तुकडा मात्र बघवत नाही. तिथे गुडघाभर चिखल आहे आणि बेडूक मालकासारखे बसलेत. त्याचं काय करायचं?

तुझी ताई बरी आहे. पाण्याची पाळी कुणाची यावरून काकांशी भांडली आणि जिंकली.

तुझा
दाजी

बाळ, पाय कोरडे ठेव. जावई चांगले आहेत, पण फावडं सुईसारखं धरतात. — आई


२० डिसेंबर

दाजी,

गव्हाच्या ओळी वाकड्या असल्या तरी दाणा सरळच येतो. काळजी करू नका.

पाणथळ तुकड्याचं विचारलंत ते बरं केलंत. आजोबांनी त्याला हात जोडले, वडिलांनी पाठ फिरवली. मी त्याच्यावर दोन वर्षं विचार केलाय. त्याच्या खाली चिकणमातीचा थर आहे, वरचं पाणी मुरत नाही, बसून राहतं. त्याला फक्त वाट पाहिजे. तुकड्याच्या वरच्या कोपऱ्यापासून ओढ्यापर्यंत एक चर खणायचा, कमरेएवढा खोल. तळाला दगडगोटे टाकायचे, वर बारीक खडी, मग माती. उतार शंभर फुटांना सहा इंच पुरे. पण तो डोळ्यांनी बघू नका. डोळे खोटं बोलतात. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी आणा, पाणी भरा, दोन्ही टोकं दोन खुंट्यांना धरा. पाणी दोन्हीकडे सारखं उभं राहतं, त्यावरून मोजा. हिवाळ्यात माती मऊ आहे तोवर उरकून घ्या.

मलाही इथे खणायला लावतात. भांडाराभोवती. त्यामुळे माझा हात चांगलाच बसलाय.

इथे एक मित्र झाला. सामानाची मोठी गाडी चालवतो. गाडी सुरू झाली की गायला लागतो आणि इंजिन बंद झालं तरी थांबत नाही. आम्ही त्याला बेसूर म्हणतो. तो मला शेतकरी म्हणतो. त्याला गहू आणि गवत यातला फरक कळत नाही. मी शिकवतोय. तुमच्यामुळे शिकवायची सवय लागली.

तुमचा मेहुणा


१८ जानेवारी

मेहुणेबुवा,

मी डोळ्यांनी बघितलं. तू बजावलं होतंस तरी. उतार इतका स्वच्छ दिसत होता की नळी आणायला बाजारापर्यंत कशाला जायचं असं वाटलं. सोळा दिवस खणलं. सतराव्या दिवशी पाणी सोडलं. पाणी क्षणभर विचारात पडलं, मग उलटं वळलं आणि थेट कोंबड्यांच्या खुराड्यात शिरलं. कोंबड्या छपरावर, मी चिखलात, काका कुंपणावर.

तुझी ताई बाजारातून नळी घेऊन आली. दोन खुंट्या ठोकल्या, पाणी बघितलं आणि म्हणाली, "अहो, तुम्ही बाही उलटी लावलीत." आता सगळं उसवून पुन्हा. या वेळी मोजणारी ती आणि खणणारा मी. खरं सांगायचं तर असंच आधीपासून असायला हवं होतं.

गावात लोक विचारतात, मेहुणा कुठल्या आघाडीवर? मी सांगतो, आमचा शिपाई पिठाचा आहे. शत्रू चालून आला तर हा पोतं झटकेल आणि सगळे शिंकून मरतील. मी इथे थंडीत कमरेएवढ्या चिखलात आणि तू तिथे उबदार पोत्यांवर पाय पसरून. लढाईवर नक्की कोण गेलंय तेच कळेनासं झालंय.

बाकी सगळं ठीक.

तुझा
दाजी


१६ फेब्रुवारी

दाजी,

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. पिठाच्या शिपायाचा सलाम घ्या.

पेन्सिलीने लिहितोय, शाई गोठलीय. कागदावरचे डाग चिखलाचे आहेत. पोती उतरवताना घसरलो, बाकी काही नाही.

आता माझं ऐका. मागच्या पत्राच्या तळाला आईच्या दोन ओळी होत्या. या वेळी नव्हत्या. आणि तुम्ही लिहिलंत 'बाकी सगळं ठीक'. तुम्ही कधीच असं लिहीत नाही, तुमच्या पत्रात बाकीचंही सगळं असतं. दाजी, काय लपवताय? मी इतक्या लांबून काही करू शकणार नाही हे खरं, पण अंदाज बांधत बसण्यापेक्षा खरं कळलेलं बरं. इथे रिकाम्या वेळात माणूस फार अंदाज बांधतो.

ताईला सांगा, बाहीचा विनोद आमच्या अख्ख्या तुकडीला आवडला.

तुमचा मेहुणा


१० मार्च

मेहुणेबुवा,

तू जिंकलास. आई जानेवारीत अंगणात बर्फावरून घसरल्या. उजवं मनगट मोडलं. त्यांनीच मला बजावलं होतं, "त्याला कळवलंत तर तुमच्या ताटात मीठ घालणार नाही." हाड जुळलंय. आता बोटं हलतात. डाव्या हाताने त्या सगळ्यांना कामं दाखवतात आणि उजव्या हातापेक्षा डावा जास्त कडक आहे. तुला सांगितलं हे त्यांना सांगितलंय. दोन दिवस अळणी जेवतोय.

पण पुढचं ऐक. चर झाला. तुझी ताई रोज नळी घेऊन पुढे आणि मी फावडं घेऊन मागे. दगडगोटे आम्ही ओढ्यातून टोपलीने आणले. तिसऱ्या तारखेला शेवटचा मातीचा बांध फोडला. आधी काहीच झालं नाही. मग ओढ्याकडच्या तोंडातून आवाज आला, भांड्यातून चहा ओतताना येतो तसा. आणि पाणी आलं. दिवसभर वाहत होतं. आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो, जेवायचंही भान नाही. आई शोधत आल्या आणि त्याही बसल्या.

चौथ्या दिवशी मी त्या तुकड्यात बूट घालून चाललो आणि बूट पायातच राहिले. तुझी ताई म्हणते इथे बटाटा लावू. काका म्हणतात, तीन पिढ्यांत पहिल्यांदा या घराने पाण्याचं ऐकलं.

एक गंमत सांगतो. काल शहरातून माझं जुनं गिऱ्हाईक आलं, दुकान कधी उघडणार विचारत. मी म्हटलं, गहू कापून झाला की सांगतो. ते गेल्यावर लक्षात आलं, मी त्यांच्या कोटाकडे एकदाही बघितलं नव्हतं. आभाळाकडे बघत होतो.

तुझा
दाजी

बाळ हे डाव्या हाताने लिहिलंय. पाणी गेलं. तुझे वडील असते तर त्यांनी बघितलं नसल्यासारखं केलं असतं आणि मग चार वेळा जाऊन आले असते. — आई


२ एप्रिल

दाजी, ताई, आई,

या वेळी तिघांना एकदम. पत्र आलं तेव्हा आम्ही जेवत होतो. मी उठून उभा राहिलो आणि मोठ्याने वाचलं. बेसूरला चर म्हणजे काय ते नीट कळलं नाही, पण तो सगळ्यात जोरात ओरडला.

बटाटा लावा. डोळे वर करून लावा, वीतभर अंतर सोडून. सरी उंच ठेवा.

आईचं डाव्या हाताचं अक्षर तिच्या उजव्या हातापेक्षा सुवाच्य आहे.

आणि एक. जूनमध्ये दहा दिवसांची रजा मिळेल असं साहेब म्हणालेत. नक्की नाही, पण नाही असंही नाही. कापणीला येईन. दाजी, मला तुमच्या त्या वाकड्या ओळी पिकलेल्या बघायच्या आहेत. आणि त्या तुकड्यावर अनवाणी चालायचंय.

तुमचा


९ मे

मेहुणेबुवा,

महिना झाला, तुझं पत्र नाही. टपाल तुंबलं असेल, काकांच्या पुतण्याचंही आलेलं नाही. मी लिहीत राहतो.

बटाटे उगवले. एकूण एक. मी मोजले, तुझी ताई हसली, पण मागून तिनेही मोजले. गव्हाला लोंब्या आल्यात. काल मी एक लोंबी चुरगाळून दाणा दाताखाली धरला. दूध निघालं. आई म्हणाल्या, अजून चार आठवडे. तुझी रजा आणि गहू एकाच वेळी पिकतील असं दिसतंय.

तुझ्या खोलीत माझं शिवणयंत्र होतं, ते पुढच्या खोलीत हलवलं. पलंग उन्हात टाकलाय. तुझ्यासाठी एक सदरा बेतलाय. मापं जुनीच धरली, खांद्यात मात्र एक इंच वाढवलं. पोती उचलून रुंद झाला असशील.

ये लवकर.

तुझा
दाजी


३ जून

दाजींना,

तुम्ही मला ओळखत नाही, पण तुमचा मेहुणा मला बेसूर म्हणायचा, त्यावरून कळेल. मी तुम्हाला दाजी म्हणतोय याबद्दल माफ करा. पाच महिने तुमची पत्रं ऐकून आम्ही सगळेच तुम्हाला दाजी म्हणायला लागलो होतो.

सरकारी तार तुम्हाला मिळाली असणार. तारेत तीन ओळी असतात. मी तुकडीतला माणूस म्हणून बाकीचं लिहितोय. सत्तावीस एप्रिलला सकाळी दहाच्या सुमाराला आमची गाडी सामान घेऊन निघाली होती. रस्त्यात सुरुंग होता. तो जागीच गेला. त्याला त्रास झाला नाही. हे सांत्वन म्हणून लिहीत नाही, खरं आहे.

दुसरी गोष्ट तुम्हाला कळायला हवी. तो भांडारात नव्हता. एक दिवसही नव्हता. पहिल्या महिन्यापासून तो आघाडीवरच होता. खंदक खणायचे, जखमी उचलून आणायचे, पुढच्या चौक्यांना पाणी आणि दारूगोळा पोचवायचा. पीठ त्याने इथे पाहिलं ते फक्त ताटात. मी त्याला एकदा म्हटलं, खोटं कशाला लिहितोस? तो म्हणाला, "खरं लिहिलं तर आई टपालवाल्याचीच वाट बघत बसेल. गहू कोण बघेल?"

खंदकांत पाणी साचायचं. सगळ्यांचे पाय सडत होते, त्याच्या तुकडीचे नाही. त्याने प्रत्येक खंदकाच्या तळाला बारीक चर काढला होता, खाली दगड टाकून. साहेबांनी नंतर तो सगळीकडे करून घेतला. तुमच्या घरी आणि इथे एकाच हिवाळ्यात तेच काम चाललं होतं.

त्याच्या वस्तू वेगळ्या येतील. तुमची पत्रं त्यात आहेत, क्रमाने बांधलेली.

बेसूर


२८ जून

भाऊ,

तुमचं खरं नाव माहीत नाही. तुम्ही मला दाजी म्हणालात, मग मी तुम्हाला भाऊ म्हणतो.

तार सतरा मेला आली. माझं नऊ तारखेचं पत्र न फोडता परत आलं ते त्यानंतर आठवड्याने. मी ते लिहीत होतो तेव्हा तो जाऊन बारा दिवस झाले होते.

गहू कापला. मला वाटलं होतं कुणाच्या अंगात त्राण उरणार नाही. पण गहू थांबत नाही. काका आले, त्यांच्या घरचे सगळे आले, पलीकडच्या वस्तीवरचेही आले. वाकड्या ओळी धरून सगळे तळ्याकडे वाकडे कापत गेले. पीक चांगलं आलं. आई रोज बांधावर येऊन बसतात. तार आली त्या दिवसापासून फारसं बोलत नाहीत. मला बोलायच्या, ते बंद झालं. मला ते टोमणे आता हवेत.

मी तुम्हाला एका कारणासाठी लिहितोय. जानेवारीत मी त्याची थट्टा केली होती. पिठाचा शिपाई म्हटलं होतं. मी चिखलात आणि तू उबेत, असं लिहिलं होतं. तो त्या वेळी कुठे होता, हे आता कळलं. मी ते वाक्य उठता-बसता ऐकतो. गावातही चार जणांना ते सांगून हसवलं होतं. त्यातल्या प्रत्येकाच्या घरी जाऊन मी सांगून आलो की तो आघाडीवर होता. पण त्याला सांगायचं राहिलं. त्याने ते पत्र वाचलं तेव्हा काय झालं? मला बरं वाटावं म्हणून लिहू नका. जे झालं ते लिहा.

आणि अजून एक. गाडीत त्याच्याबरोबर कोण होतं? त्यांचं काय झालं? कुणी जखमी असेल तर त्या घरीही पत्र लिहावं असं माझ्या बायकोला वाटतं.

तुमचा
दाजी


२० जुलै

दाजी,

आधी तुमच्या प्रश्नाचं. ते पत्र आलं त्या दिवशी आमची दोन माणसं गेली होती. तो कोपऱ्यात पत्र वाचत होता आणि अचानक त्याला हसू फुटलं. आवरेना. आम्हाला वाटलं याचं डोकं फिरलं. मग त्याने आम्हाला सगळं वाचून दाखवलं. कोंबड्या, काका, बाही, पीठ. दाजी, तिथे अकरा माणसं होती आणि अकराही हसली. मग त्याने खडूने आपल्या शिरस्त्राणावर लिहिलं, 'पिठाचा शिपाई'. पावसाने पुसलं की पुन्हा लिहायचा. मला म्हणाला, "दाजी थट्टा करतायत म्हणजे घर शाबूत आहे. ज्या दिवशी ते मला जपून लिहायला लागतील, त्या दिवशी मला झोप लागणार नाही." हे जसंच्या तसं आहे.

आता दुसऱ्या प्रश्नाचं. मागच्या पत्रात मी 'आमची गाडी' लिहिलं आणि पुढचं टाळलं. गाडी मी चालवत होतो. तो माझ्या शेजारी बसला होता. मी हे इस्पितळातून लिहितोय. उजवा पाय घोट्यापासून ताठ झालाय, कान अजून वाजतो. मागचं पत्रही इथूनच लिहिलं होतं.

आणि एवढंच नाही. स्फोटाच्या आधी तो म्हणाला, "थांब. पुढची माती बघ. रंग वेगळा आहे, ताजी उकरलीय." मी हसलो. म्हटलं, "तुला जिकडे तिकडे शेतच दिसतं." मग त्याने माझा दंड धरला, तेव्हा मी ब्रेक दाबला. पण तेवढ्यात झालं होतं. मला माती कळत नव्हती. त्याला कळत होती आणि त्याने सांगितलं होतं.

तुम्ही एका थट्टेचं ओझं वाहत होतात, म्हणून मला हे लिहिणं भाग पडलं. तुमच्या थट्टेने अकरा माणसं जगली. माझ्या थट्टेने काय झालं ते तुम्ही बघताय. हे त्याच्या आईला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मला पत्र लिहिलं नाहीत तरी मी समजेन.

बेसूर


८ ऑगस्ट

बेसूर यास,

मी त्याची आई. जावयांनी तुझं पत्र दोन दिवस खिशात ठेवलं होतं. ज्याच्या खिशात कधी खडूशिवाय काही नसतं तो माणूस सारखा खिसा चाचपायला लागला, की मला कळतं. मी मागून घेतलं आणि वाचलं. हात अजून दुखतो, म्हणून थोडक्यात लिहिते.

तो नऊ वर्षांचा असताना मला म्हणाला, आई, गोठ्यामागची भिंत पडणार, तिच्या पायात मुंग्या माती काढतायत. मी हसले. चार दिवसांनी भिंत पडली आणि आमची चांगली दुभती गाय तिच्याखाली गेली. त्याचे वडील हसले, मी हसले, त्याची बहीण हसली. ज्याला माती वाचता येत नाही तो हसतोच. त्याने कधी कुणाला त्याबद्दल बोल लावला नाही. दुसऱ्या दिवशी विटा गोळा करायला लागला. तू हसलास म्हणून तो गेला नाही. ज्याने त्या रस्त्यात लोखंड पेरलं, त्याने त्याला मारलं. तू ब्रेक दाबलास. उशीर झाला असेल, पण दाबलास. त्याचं ऐकलंस तू.

शेवटची माणसं म्हणून त्याने तुम्हाला बघितलं, आम्हाला नाही. तो काय खायचा, कुठे झोपायचा, दाढी वाढवली होती का, कशावरून चिडायचा, हे मला माहीत नाही. तुला माहीत आहे. ते पत्रात मावणार नाही. ते तू इथे येऊन सांगायचं आहेस.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बटाटे काढायचे आहेत. माणसं कमी आहेत. पायाचं निमित्त सांगू नकोस. आमच्या घरात आता दोन पायांनी नीट चालणारा पुरुष उरलेला नाही, आणि जावयांनी एका पायावर अख्खं शेत उभं केलंय. हे त्यांना सांगू नकोस, डोक्यावर बसतील. शहरातलं दुकान त्यांनी सोडलं. आता गावातले लोक इथेच कपडे शिवायला येतात आणि बांधावर उभे राहून मापं देतात.

तार आल्यापासून माझ्या तोंडाची चव गेली होती. हे पत्र लिहिताना जरा भूक लागलीय. तर मी उठते.

गाणं येतं म्हणे तुला. इथे कुणाला सुराचं काही कळत नाही.

त्याची आई


२१ ऑगस्ट

आई,

तुम्हाला आई म्हणतोय. तो पत्र वाचताना तुमच्या ओळी आल्या की आवाज बदलून, तुमच्यासारखं बोलून वाचायचा. त्यामुळे तुमचा आवाज मला पाठ आहे.

दाढी वाढवली नव्हती. रोज करायचा, पाणी नसलं तर चहाने. चिडायचा फक्त एका गोष्टीवर, कुणी भाकरीचा तुकडा टाकला तर. आणखी पुष्कळ आहे. तुम्ही म्हणता तसं, इथे मावणार नाही.

इस्पितळातून सुटून दहा दिवस झाले. एक कबूल करतो. त्या दिवसापासून मी इंजिन असलेल्या कुठल्याही गाडीत पाय ठेवलेला नाही. घरी आलो तोही भावाच्या बैलगाडीतून, पावणेदोन दिवसांत. तुमचं गाव इथून दोनशे मैल लांब आहे. बैलगाडीने निघालो तर बटाटे कुजतील. म्हणून काल सकाळी मोटार अड्ड्यावर गेलो. एक गाडी सुटायची होती. मी चढलो, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसलो आणि तिने आवाज केल्याबरोबर उतरलो. आज पुन्हा गेलो. आज पुढच्या थांब्यापर्यंत बसून राहिलो. समोरचा दांडा सोडला नाही, पण बसलो. शेजारच्या बाई म्हणाल्या, "काय हो, गुणगुणताय का?" मला कळलंही नव्हतं.

उद्या दोन थांबे जाईन. सप्टेंबरच्या सात तारखेला, मंगळवारी, दुपारच्या गाडीने तुमच्या फाट्यावर उतरतोय. दाजींना म्हणावं, फावडं कसं धरायचं ते मला त्यांच्याकडूनच शिकायचंय.

बेसूर